रोखीचं गिऱ्हाईक आणि घाईची किंमत

'घर, प्लॉट, रो-हाऊस पाहिजे. रोख व्यवहार. कागद कसेही असले तरी चालतील.' अशा पाट्या मराठवाड्यातल्या कुठल्याही वाढत्या शहराच्या बाहेरच्या रस्त्यांवर, विजेच्या खांबांना टांगलेल्या दिसतात. घर विकणाऱ्याची नजर 'रोख' या शब्दावर जाते. पण खरा व्यवहार दडलाय शेवटच्या वाक्यात. कागद कसेही चालतील, म्हणजे कागदात जेवढी भोकं, तेवढा भाव खाली.

आधी 'रोख' म्हणजे काय ते पाहू. बाजारात या शब्दाचे दोन अर्थ चालतात आणि त्यातला एक धोक्याचा आहे. पहिला अर्थ : घेणारा बँकेचं कर्ज न काढता स्वतःच्या पैशाने, एकरकमी घर घेतो. पैसे मात्र खात्यातून खात्यातच जातात. दुसरा अर्थ : नोटांची बंडलं. घर किंवा जमिनीच्या व्यवहारात 20,000 रुपये किंवा त्याहून जास्त रक्कम नोटांमध्ये स्वीकारायला आयकर कायद्याने मनाई आहे. 1 जून 2015 पासून इसाराची रक्कमही यात आली. दंड जेवढे घेतले तेवढाच, आणि तो विकणाऱ्याला. पाच लाख नोटांमध्ये घेतले तर दंडही पाच लाखांपर्यंत. देणारा-घेणारा दोघेही शेतीच्याच उत्पन्नावर असतील आणि दोघांचंही उत्पन्न करपात्र नसेल, तर सूट आहे. गावाकडे 'आपल्याला शेतकऱ्याला कुठला टॅक्स' म्हणून सर्रास नोटा घेतल्या जातात. पण समोरचा प्लॉटिंगवाला किंवा दुकानदार असेल तर ही सूट लागू होत नाही, हे विकणाऱ्याला कोणी सांगत नाही. या लेखात रोखीचं गिऱ्हाईक म्हणजे पहिल्या अर्थाचं.

असं गिऱ्हाईक लागतं कोणाला?

ज्याच्या घरावर बँक कर्ज देत नाही, त्याला. मराठवाड्यात अशी घरं ढिगाने आहेत. शहरांच्या कडेला शेतातून पाडलेले गुंठेवारीचे प्लॉट, अकृषिक परवानगी नाही, ले-आउट मंजूर नाही, आणि प्लॉट घेतला तो 100 रुपयांच्या बॉन्डवर नोटरी करून. त्यावर स्लॅबचं दोन मजली घर उभं राहिलं, नळ आला, लाइट आली, घरपट्टीही लागली. पण बँकेला मालकीचा नोंदणीकृत दस्त, मंजूर नकाशा आणि अकृषिक आदेश लागतो. त्यामुळे कर्ज काढून घेणारा शिक्षक, बँकेतला कर्मचारी किंवा पोलीस या घराकडे फिरकतच नाही. उरतो तो स्वतःचा पैसा असलेला. कोणाला महामार्गाच्या भूसंपादनाचा मोबदला मिळालेला असतो, कोणाचं आडतीचं दुकान असतं, कोणाचा घरं घेऊन-विकून पोट भरायचा धंदाच असतो.

दुसरी जात वारसाच्या घरांची. आजोबांच्या नावाचं गावातलं माळवद, म्हणजे मातीच्या छताचं जुनं घर, सात-आठ वारस, त्यातले दोन पुण्याला. तिसरी जात कर्जात किंवा आजारपणात अडकलेल्या घरांची. तिथे कागद चांगले असतात, फक्त वेळ नसतो. या तिन्हींना एकच गिऱ्हाईक एकाच पद्धतीने भाव लावतं, म्हणून त्याचं गणित समजून घ्यायला हवं.

त्याच्या वहीतलं गणित

समजा, महापालिका हद्दीतलं एक घर आहे. रंगरंगोटी करून, कागद नीट करून, चार महिने वाट पाहिली तर 40 लाखांना जाईल. घेऊन-विकणारा 40 पासून उलटा मोजत येतो. 30 लाखांना घेतलं तर महापालिका हद्दीत 6 टक्क्यांप्रमाणे मुद्रांक शुल्क 1 लाख 80 हजार, नोंदणी फी 30 हजार (1 टक्का, पण कमाल 30 हजार). ओल, गच्चीचं वॉटरप्रूफिंग, बाथरूमच्या फरश्या आणि रंग यांचे अडीच लाख. पुढे विकताना दलाली दीड टक्का धरली तर 60 हजार. सहा महिने 30 लाख अडकून पडले, त्याचं वर्षाला 12 टक्क्यांनी व्याज 1 लाख 80 हजार. आणि त्याचा नफा 3 लाख. बेरीज बरोबर 10 लाख. म्हणून तो 30 म्हणतो.

यात लबाडी काही नाही. लबाडी तेव्हा, जेव्हा तो दुरुस्तीचे अडीच लाख पाच सांगतो, किंवा कागदाच्या भीतीपोटी आणखी तीन कापतो. म्हणून भाव ऐकल्यावर 'कमी आहे' एवढं म्हणून उपयोग नाही. 'कशाचे किती कापले' असं विचारा. दुरुस्तीचा आकडा गवंडी आणि प्लंबर दोघांना घर दाखवून आधीच काढून ठेवा. नुसतं वॉटरप्रूफिंग स्वतः करून घेतलं, तर त्याच्या वहीतला एक मोठा आकडा गळतो. ओल दिसली की त्याच्या मनात जो खर्च येतो, तो खऱ्या खर्चापेक्षा नेहमी जास्त असतो.

माळवदाच्या घराचं वेगळं आहे. दगड-मातीच्या भिंती आणि वर मातीचा थर असलेल्या बांधकामाची किंमत आज कोणी धरत नाही. किल्लारीच्या 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपाने त्या भिंतींबद्दलचा विश्वास लातूर-धाराशिव पट्ट्यात तरी संपवला. गिऱ्हाईक फक्त जागेचा भाव धरतं आणि त्यातूनही पाडायचा, माती उचलायचा खर्च वजा करतं. जुन्या सागवानी तुळया, खण, दरवाजे मात्र सहसा व्यवहारात फुकट जातात. लाकूड बाजूला काढून वेगळं विका, किंवा ते धरून भाव सांगा.

पाण्याचं तसंच. बोअरला मे महिन्यात पाणी असतं, असं तोंडी सांगून कोणी मानत नाही. असेल तर घर उन्हाळ्यातच दाखवा, मोटार चालू करून. उलट, पितृपक्षात गिऱ्हाईक आणायची धडपड करू नका. त्या पंधरा दिवसांत इसार देणारा विरळाच, आणि जो येतो तो तुमची नड ओळखून येतो.

आता विकणाऱ्याच्या बाजूचं गणित. घाई कशाची आहे? एखाद्याने खासगीत दहा लाख शेकडा तीनने घेतलेत. महिन्याला व्याज 30 हजार. चार महिने थांबलं तर 1 लाख 20 हजार. रोखीच्या गिऱ्हाइकाला दहा लाख कमी घेण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त. व्याजाचे चटके बसत असताना माणूस हे गणित मांडत नाही. दहापैकी काही लाख नातेवाइकांकडून फिरवून, सावकाराला गप्प करून, घर सावकाश विकलं तर परवडतं. लिलावाची तारीख लागली असेल, दवाखान्याचं बिल भरायचं असेल, तेव्हाच तीस लाखांचा सौदा खरोखर कामाचा.

रेडीरेकनर मध्येच येतो तेव्हा

सरकारचा वार्षिक बाजारमूल्य दर तक्ता असतो, त्यालाच सगळे रेडीरेकनर म्हणतात. मुद्रांक शुल्क सौद्याच्या किमतीवर किंवा या तक्त्यातल्या मूल्यावर, जे जास्त असेल त्यावर लागतं. वरच्याच घराचं तक्त्यातलं मूल्य 34 लाख निघालं, तर सौदा 30 चा असूनही शुल्क 34 वर, म्हणजे 2 लाख 4 हजार.

खरी अडचण आयकराची. सौद्यापेक्षा सरकारी मूल्य 10 टक्क्यांपर्यंत जास्त असेल तर आयकर खातं सौद्याची किंमत मान्य करतं. 30 लाखांच्या सौद्याला ही मर्यादा 33 लाख. मूल्य 34 निघालं की विकणाऱ्याने 34 लाखांना विकलं असं धरून कर मोजतात, जे चार लाख त्याने पाहिलेसुद्धा नाहीत त्यांच्यासकट. आणि घेणाऱ्याच्या डोक्यावर तेच चार लाख इतर उत्पन्न म्हणून बसतात. घर खरोखरच पडकं असेल तर मूल्यमापन अधिकाऱ्याकडून किंमत ठरवून घ्यायची मागणी करता येते, पण ते वेळखाऊ. त्यामुळे कुठल्याही भावाला 'हो' म्हणायच्या आधी नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर आपल्या विभागाचा दर पाहा, किंवा दुय्यम निबंधक कार्यालयाबाहेर बसणाऱ्या दस्तलेखकाकडून मूल्यांकन काढून घ्या. ते एका दिवसाचं काम आहे.

भोकं बुजवणं

पंधरा-वीस दिवस हाताशी असतील तर भाव वाढवायचा सगळ्यात स्वस्त मार्ग म्हणजे कागद.

शहरातल्या नगर भूमापन झालेल्या जागेला मालमत्ता पत्रक, म्हणजे पीआर कार्ड लागतं. गावात घरपट्टीचा ग्रामपंचायत नमुना 8 दाखवतात. तो कर आकारणीचा कागद आहे, मालकीचा पुरावा नव्हे. गावठाणाची ड्रोन मोजणी झाली असेल तर स्वामित्व योजनेची सनद मिळते, ती मागून घ्या. शेतातून पाडलेल्या प्लॉटला सात-बारा आणि अकृषिक आदेश पाहिजे.

जुन्या कागदांत मराठवाड्याचा एक खास पेच आहे. 1948 पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे जुनी महसुली नोंद उर्दूत असते. घेणाऱ्याचा वकील मागे जात जात 1954-55 च्या खासरा पत्रकापर्यंत पोचतो. तिथे जमीन 'खिदमतमाश' किंवा 'मदतमाश' इनामाची निघाली, किंवा वक्फची, की रोखीचं गिऱ्हाईकही उठून जातं. मदतमाश म्हणजे कोणाच्या निर्वाहासाठी दिलेली जमीन, खिदमतमाश म्हणजे देवस्थान-दर्ग्याच्या सेवेसाठी दिलेली. खिदमतमाश साध्या खरेदीखताने हस्तांतरित होत नाही. सात-बारावर भोगवटादार वर्ग 2 असं दिसलं तर विक्रीआधी सक्षम अधिकाऱ्याची परवानगी काढायला लागते का, हे तहसीलमध्ये विचारा. इसार घेतल्यावर हे उघड झालं तर इसार परत करायची पाळी तुमच्यावर येते, आणि तोवर तो खर्चलेला असतो.

गुंठेवारीच्या घराला 2001 चा नियमितीकरण कायदा आहे. 2021 च्या दुरुस्तीने 31 डिसेंबर 2020 पर्यंतच्या गुंठेवारीला तो लागू केला. महापालिकेत फाइल टाकून प्रमाणपत्र मिळालं, तर कर्ज काढून घेणाराही घराकडे वळू शकतो, म्हणजे गिऱ्हाइकं वाढतात आणि भावही. शुल्क भरायला लागतं, पण रोखवाला त्यापोटी जे कापतो त्याच्याशी ते ताडून पाहा.

वारसाच्या घरात सगळ्यात जास्त सौदे बहिणींच्या सह्यांवर अडतात. हिंदू वारसा कायद्यात 2005 पासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. 'तिचं लग्नात केलं की सगळं' हे नोंदणी कार्यालयात चालत नाही. बहिणीने स्वखुशीने हक्क सोडला तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र करा. नाहीतर तिलाही विकणाऱ्यांमध्ये घ्या आणि तिच्या हिश्शाचे पैसे तिच्या खात्यात जाऊ द्या. वारसांमध्ये कोणी अज्ञान, म्हणजे 18 वर्षांखालचं असेल, तर त्याच्या स्वतःच्या हिश्शाच्या विक्रीला जिल्हा न्यायालयाची परवानगी लागते. त्याला महिने जातात, म्हणून ते आधी हेरा.

घरावर बँकेचं कर्ज असेल तर बँकेकडून अमुक तारखेपर्यंत किती भरले की कर्ज संपेल, असं लेखी पत्र घ्या. वैयक्तिक गृहकर्ज बदलत्या व्याजदराचं असेल तर मुदतीआधी फेडायला दंड लागत नाही. पूर्ण फेडल्यावर मूळ कागद 30 दिवसांत परत द्यायचे, उशीर झाला तर दिवसाला 5,000 रुपये भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा नियम 1 डिसेंबर 2023 पासून आहे. घेणारा त्याच्या पैशातली कर्जाएवढी रक्कम थेट तुमच्या कर्जखात्यात भरू शकतो. दस्तात तसं लिहायचं.

इसारात फसतात ते

कितीतरी 'रोखवाल्यां'कडे रोख नसतेच. ते एक लाख इसार देतात, तीन-सहा महिन्यांची मुदत घेतात, आणि त्या इसारावर खरं गिऱ्हाईक शोधत फिरतात. 30 चा सौदा तिसऱ्याला 35 ला दाखवतात. मिळालं तर मधले पाच त्यांचे. नाही मिळालं तर 'थोडी अडचण आहे' म्हणत मुदत वाढवून मागतात, आणि तोवर तुमचं घर बाजारातून उठलेलं असतं. ओळखायची खूण इसारपावतीत सापडते : 'खरेदीखत लिहून घेणाऱ्याच्या किंवा तो सांगेल त्याच्या नावे करून देऊ.' त्यातले चार शब्द, 'किंवा तो सांगेल त्याच्या', खोडून टाका. ज्याला पैसे खरेच द्यायचेत तो हरकत घेत नाही.

खऱ्या रोखवाल्याला मुदत 30 दिवसांपेक्षा जास्त लागायला नको. पावतीत एकूण किंमत, चतुःसीमा, क्षेत्रफळ, खरेदीखताची शेवटची तारीख, मुद्रांक आणि नोंदणीचा खर्च कोणाचा, घेणारा मागे हटला तर इसाराचं काय आणि तुम्ही मागे हटला तर काय, हे सगळं असावं. सामान्यतः शुल्काचा खर्च घेणाऱ्याचा. आणि इसारावर ताबा देऊ नका. ताबा दिला की पावती करारनामा न राहता तिच्यावर खरेदीखताएवढं मुद्रांक शुल्क निघू शकतं, शिवाय आत बसलेल्याला बाहेर काढणं हा वेगळाच खटला होतो.

'खरेदीखत नंतर करू, आता कुलमुखत्यारपत्र द्या' असं म्हटलं तर सावध व्हा. मुखत्यारपत्राने मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये स्पष्ट केलंय. पण ते हातात असलेला माणूस तुमच्या नावाने तिसऱ्याला दस्त करून देऊ शकतो, आणि किंमत त्याच्या खात्यात घेऊ शकतो.

सगळ्यात वाईट प्रकार सावकाराचा. पाच लाख हवेत म्हणून गेलं तर तो म्हणतो, 'नुसतं नावाला खरेदीखत करून द्या, पैसे दिले की परत फिरवून देतो.' परत फिरवायची अट त्याच दस्तात लिहिलेली नसेल, तर कायद्याच्या नजरेत ती गहाणखरेदी ठरत नाही, पक्की विक्री दिसते. वेगळ्या कागदावर लिहून घेतलेल्या वचनाने इथे गहाण सिद्ध होत नाही. विनापरवाना सावकारीत घर असं गेलं असेल, तर 2014 च्या महाराष्ट्र सावकारी कायद्याखाली जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था, यांच्याकडे तक्रार करता येते. मागच्या 15 वर्षांतले व्यवहार त्यात तपासता येतात.

नोंदणीच्या दिवशी

दस्तात एक वाक्य ठरलेलं असतं : 'संपूर्ण मोबदला मिळाला, तक्रार नाही.' पैसे न येता यावर सही केली तर घर गेलं. पैसे बुडवले एवढ्याच कारणाने नोंदणीकृत खरेदीखत रद्द होत नाही, पैशासाठी वेगळा दावा लावायला लागतो, असं सर्वोच्च न्यायालयाचं 2020 चं म्हणणं आहे. म्हणून पुढच्या तारखेचे धनादेश घेऊ नका. डीडी असेल तर त्या शाखेला फोन करून क्रमांक खरा आहे का विचारा. आरटीजीएस, म्हणजे मोठी रक्कम खात्यातून खात्यात पाठवायची बँकेची सोय, रोज चोवीस तास चालतं, किमान 2 लाखांचं. सही करायच्या आधी, निबंधकासमोर जायच्या आधी, तिथेच बाकावर बसून पैसे खात्यात आल्याचं बँकेच्या ॲपमध्ये पाहा. नुसत्या एसएमएसवर भरवसा नको, तो खोटाही पाठवता येतो. बँक प्रत्येक व्यवहाराला देते तो यूटीआर क्रमांक दस्तात लिहा. आणि पैसे आलेत म्हणून टोकन, म्हणजे नोंदणीसाठी मिळालेला नंबर, चुकवू नका. नाहीतर पुढच्या तारखेपर्यंत घेणाऱ्याच्या पोटात गोळा, आणि तो रास्तही असतो.

दोघांचे पॅन, आधार, दोन ओळखदार लागतात. ओळखदार खरंच ओळखणारे असू द्या, कार्यालयाबाहेर पैसे घेऊन उभे असणारे नकोत. सौदा 50 लाख किंवा वर असेल तर घेणारा तुमच्या पैशातून 1 टक्का टीडीएस, म्हणजे तुमच्या नावावरचा कर, कापून सरकारकडे भरतो. त्याचं प्रमाणपत्र मागून घ्या.

कराचं थोडक्यात. दोन वर्षांपेक्षा जास्त काळ घर तुमचं असेल तर नफा दीर्घ मुदतीचा. 2012-13 मध्ये 12 लाखांना घेतलेलं घर 2025-26 मध्ये 30 लाखांना विकलं असं धरा. सरळ 12.5 टक्क्यांनी 18 लाखांवर 2 लाख 25 हजार होतात. 23 जुलै 2024 पूर्वी घेतलेल्या घराला करासाठी भारतात निवासी असलेला माणूस महागाई निर्देशांक लावून 20 टक्क्यांचा पर्याय घेऊ शकतो. निर्देशांक 200 वरून 376 वर गेला, म्हणजे घराची किंमत 22 लाख 56 हजार धरली जाते, आणि 7 लाख 44 हजारांवर कर 1 लाख 49 हजारांच्या आसपास. त्यावर उपकर वेगळा. दोन्हीकडून मोजून पाहिल्याशिवाय चलन भरू नका. दोन वर्षांत दुसरं घर घेतलं किंवा तीन वर्षांत बांधलं तर कर वाचतो. विवरणपत्राच्या तारखेपर्यंत तो पैसा गुंतला नसेल, तर भांडवली नफा खात्यात ठेवायला लागतो, साध्या बचत खात्यात नाही.

दस्ताची प्रत आणि सूची क्रमांक 2 (इंडेक्स-2, नोंदणीचा सारांश) तुमच्याकडेही ठेवा. विजेच्या मीटरच्या शेवटच्या रीडिंगचा फोटो घ्या, घरपट्टी-नळपट्टी त्या तारखेपर्यंत भरल्याच्या पावत्या काढा, आणि मीटर नावावरून काढायचा अर्ज त्याच आठवड्यात द्या. घेणारा नाव बदलायला वर्ष लावतो, आणि थकबाकीची नोटीस तुमच्या नावाने निघते.